मूठ सैल का असते?

माझ्या एका मित्राने काही वर्षांपूर्वी जावा बेटावरून एक क्रिस आणून मला भेट दिला. क्रिस म्हणजे तिकडचा परंपरागत खंजीर. मोठ्या कौतुकाने मी तो हातात घेतला, तो मूठ डुगडुगू लागली आणि जरा पिळताच निघून हातात आली. प्रवाशांच्या गळ्यात मारलेला माल, असे म्हणून मी हसलो आणि शाळेतल्या हस्तकलेच्या तासाचा सरस लावून ती मूठ पक्की करून टाकली. सगळे पक्के करून ठेवायचे ही मास्तरांची खोडच असते! पुढे क्रिसविषयी वाचू लागलो, तेव्हा कळले की मी दुरुस्ती केली नव्हती. मोडतोड केली होती.

क्रिसची मूठ पक्की नसतेच. पात्याच्या बुडाशी एक गोल शेपूट असते, त्याला जावात ‘पेसी’ म्हणतात. त्यावर चिंधी किंवा दोरा गुंडाळायचा, ‘मेंडक’ नावाचे कडे घालायचे आणि मूठ दाबून बसवायची. कारण साधे आहे. दमट हवेत लोखंड गंजते. म्हणून वर्षातून एकदा, सुरो या पहिल्या महिन्यात, पाते मोकळे करून धुवायचे, लिंबाचा रस आणि सोमल लावून उजळायचे आणि वर सुवासिक तेलाचा हात फिरवायचा. मूठ निघाली नाही, तर हे व्हायचे कसे? हे धुणेच तिथे पूजा होऊन बसले आहे. लोखंडाची निगा कुठे संपते आणि भक्ती कुठे सुरू होते, हे सांगता येणार नाही.

क्रिसवर लिहिणाऱ्यांचे मला दोन पंथ दिसतात. एक म्हणतो, हे शस्त्र आहे, बाकीचे सारे भाकड. दुसरा म्हणतो, याच्या प्रत्येक भागाला गूढ अर्थ आहे. आणि मग तो अर्थांचे कोष्टकच मांडून देतो. मला दोघांचेही पटत नाही. जो भाग आधी काहीतरी भार सोसतो, त्याच भागाचा अर्थ मनात घर करून राहतो, असे माझे मत झाले आहे.

पात्याच्या बुडाला आडवा बसणारा ‘गोंजो’ नावाचा तुकडाच पाहा. तो बहुधा वेगळा घडवलेला असतो आणि त्याच्या भोकातून पेसी आरपार जाते. त्याच्यामुळे पात्याचे बूड एका बाजूला रुंद होते, हात पात्यावर घसरत नाही आणि पाते म्यानाच्या तोंडाशी नेमके बसते. हे झाले काम. जावातले लोक पाते हे पुरुषतत्त्व आणि गोंजो हे स्त्रीतत्त्व मानतात. दोन्ही मिळून क्रिस पुरा होतो. हा अर्थ कोणी बाहेरून आणून चिकटवलेला नाही. भोकातून शेपूट गेल्यावाचून हा क्रिस उभाच राहत नाही.

पात्याच्या वळणांविषयी मात्र मी साशंक आहे. या वळणांना ‘लुक’ म्हणतात आणि त्यांची संख्या नेहमी विषम असते. सरळ पाते म्हणजे स्वस्थ पडलेला नाग, वळणांचे पाते म्हणजे चालता नाग. कल्पना सुंदर आहे. पण वळणांमुळे जखम रुंद होते, असे जे पुस्तकांतून सर्रास लिहितात, ते मला ओढूनताणून केलेले समर्थन वाटते. तसे असते, तर सरळ पात्याचा क्रिस कोणी कमरेला खोवलाच नसता. येथे अर्थच मुख्य आणि काम गौण, हे सरळ कबूल करावे. आणि म्हणूनच की काय, कोष्टके सर्वांत जास्त माजली आहेत तीही येथेच!

क्रिसचे खरे काव्य आहे ते ‘पामोर’मध्ये. साधे लोखंड आणि निकेल असलेले लोखंड यांचे थर एकावर एक ठेवून तापवायचे, ठोकायचे, दुमडायचे. मधोमध पोलादाची पट्टी घालायची. धार पोलादाने येते, चिवटपणा थरांनी. सोमलाने लोखंड काळे पडते, निकेल पांढरे राहते आणि पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी उमटते. विषारी क्रिसच्या कथा ज्या सोमलावर पोसल्या, त्याचे रोजचे काम हे असे चित्रकाराचे. अठराव्या शतकात प्रंबाननच्या परिसरात सापडलेल्या अशनीचे लोखंड सुरकर्त्याच्या राजवाड्यात नेऊन पामोरसाठी वापरले गेले. आकाशातले लोखंड जमिनीतल्या लोखंडात मिसळले, म्हणजे आकाश-धरित्रीचे मीलन झाले, असे तिथे मानतात. एका नक्षीचे नाव आहे ‘बेरास वुताह’, म्हणजे सांडलेले तांदूळ. ती घरात भरभराट आणते अशी समजूत. ही नक्षी लोहाराने योजलेली नसते, ती आपोआप पडलेली असते. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला याचा हेवा वाटल्यावाचून कसा राहील? आमचीही चांगली पाने योजून थोडीच उमटतात!

मध्य जावात लावू पर्वताच्या उतारावर सुकुह नावाचे पंधराव्या शतकातले मंदिर आहे. तिथल्या एका शिल्पात चक्क लोहाराची भट्टी कोरली आहे. भीम पाते घडवतो आहे, अर्जुन भाता चालवतो आहे आणि मधोमध गणपती नाचतो आहे. आपण गणपतीला विद्येजवळ बसवले. त्यांनी त्याला भट्टीजवळही नाचवले. काम आणि अर्थ एकाच छपराखाली नांदत होते, याला याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

हे जाणणे म्हणजे केवळ हौस नव्हे. डच सत्तेविरुद्ध १८२५ ते १८३० लढलेल्या राजपुत्र दिपोनेगोरोचा म्हणून एक क्रिस नेदरलँड्सने मार्च २०२० मध्ये इंडोनेशियाला परत केला. तेव्हा तिथल्या जाणकारांनी प्रश्न काढला: नाव तर ‘नाग सिलुमन’, मग पात्यावर नागाचे अंग इतके स्पष्ट कसे? सिलुमन म्हणजे मायावी. त्याचे डोके दिसावे आणि अंग पात्यात विरून जावे. एका राष्ट्राच्या वीराची खूण खरी की खोटी, हा वाद शेवटी पात्यावरच्या नागाशी येऊन ठेपला. भाग वाचता येणारी माणसेच उरली नसती, तर हा प्रश्न विचारला तरी कोणी असता?

गेल्या महिन्यात मी ऊन पाण्यात भिजवलेला बोळा मुठीभोवती धरून तो सरस हळूहळू सोडवला. आत पेसीवर तांबूस गंज धरला होता. तो घासून काढला, तेल लावले, जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली आणि मूठ दाबून बसवली. ती पुन्हा जराशी डुगडुगते. घरी येणारे म्हणतात, “मास्तर, एवढी पक्की करून घ्या!” मी मान हलवतो आणि त्यांच्यापुढे फराळाचे ताट सरकवतो.