एक रंग राखताना

दोह्याच्या समुद्रकाठची काही छायाचित्रे नुकतीच आमच्या पाहण्यात आली. 2022 साली कतारात विश्वचषक फुटबॉल स्पर्धा झाली, त्या वेळची ती. सारे चित्र काळे-पांढरे आणि कतारचा मरून झेंडा तेवढा रंगीत. फोटो मुळात रंगीतच काढतात, हवा तो भाग राखतात आणि बाकीचा रंग उतरवतात. मोबाईलवर हे काम दोन मिनिटांत होते. चित्र छान दिसते, हे खरे. पण छान दिसणे निराळे आणि खरे सांगणे निराळे.

रंग राखणे म्हणजे बोट दाखवणे. ‘इकडे पाहा’ म्हणताना ‘तिकडे पाहू नका’ असेही आपण सांगत असतो. एका चित्रात झेंड्याखाली काही मजूर बसले होते. कतारात राहणारे बहुसंख्य लोक बाहेरून कामाला आलेले आहेत. आपल्या कोकणातलेही त्यांत आहेत. ज्यांच्या हातांनी शहर उभे राहिले, तेच चित्रात राखाडी झाले. आमच्या मते हे चित्र फसले आहे.

म्हणून ही रीतच वाईट ठरत नाही. स्पीलबर्ग यांचा ‘शिंडलर्स लिस्ट’ (1993) आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. क्राकोवच्या घेट्टोतून लोकांना हाकलले जात असताना एका लहान मुलीचा कोट लाल दिसतो. पुढे तोच कोट प्रेतांच्या गाडीवर दिसतो. तिथे रंग गर्दीला पुसत नाही, उलट गर्दीतले प्रत्येक माणूस कोणाचे तरी मूल होते याची आठवण देतो. शेवटाकडे शाब्बाथच्या मेणबत्तीची ज्योतही रंगीत होते, तीही अशीच कारणाने.

जुन्या फोटोंची गोष्ट आणखी नाजूक आहे. बर्लिनचे ज्यू प्रवासी हेर्मान बुर्खार्ट यांनी 1904 साली दोह्याचे फोटो काढले. त्या शहराच्या सर्वांत जुन्या फोटोंत त्यांची गणना होते. पुढे 1909 साली येमेनमध्ये त्यांची हत्या झाली. त्यांच्या फोटोंत रंग नाहीच. आज कोणी त्यांतली एखादी होडी निळी केली, तर तो रंग राखलेला नसेल, कल्पनेने घातलेला असेल.

हीच चूक आपण घरी करीत आहोत. आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो मोबाईलला दिला की यंत्र नवरीची साडी खुशाल लाल करते. आपल्या कितीतरी आज्यांनी लग्नात पांढरी साडी नेसली होती. हिरवा रंग होता तो मेंदीच्या दिवशीच्या चुड्यात! पूर्वी स्टुडिओतला रंगारी निदान घरच्यांना विचारून ब्रश उचली. यंत्र विचारीत नाही. इस्रायलमध्ये जन्मलेली नातवंडे मात्र तो लाल रंगच खरा मानतील.

तेव्हा आमची विनंती एवढीच, की मूळ फोटो जसा आहे तसा जपावा. रंग द्यायचाच असेल तर आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, आणि त्यांनी जे सांगितले ते फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. सांगणारे आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.