'एपीआय गुरुत्व' : एका संज्ञेची चिकित्सा

खनिज तेलाच्या व्यवहारात अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या नावाने रूढ झालेली 'एपीआय गुरुत्व' ही संज्ञा भाषाभ्यासकाने तपासण्याजोगी आहे. ६० अंश फॅरनहाइट तापमानावरील सापेक्ष घनतेने १४१.५ ला भागून भागाकारातून १३१.५ वजा केले, म्हणजे हे 'गुरुत्व' मिळते. पाण्याचे १० येते, ०.८५ सापेक्ष घनतेच्या तेलाचे सुमारे ३५. अर्थात द्रव जितका हलका, तितके त्याचे गुरुत्व अधिक!

या स्थिरांकांचा इतिहासही उद्बोधक आहे. आधीच्या बोमे मापात १४० व १३० हे अंक होते. परंतु वापरातील अनेक हायड्रोमीटर चुकीने १४१.५ या अंकावर आखलेले आढळले, आणि १९२१ मध्ये त्या चुकीलाच प्रमाणत्व देण्यात आले. अपप्रयोग रूढीने साधू ठरावा, तसेच हे झाले.

तथापि रूढी मान्य करूनही मराठीत 'गुरुत्व' स्वीकारणे इष्ट नव्हे. तेल तापले की त्याची घनता घटते आणि हायड्रोमीटरवरील हे 'गुरुत्व' मात्र वाढते. अशा वेळी ६० अंशांवरील मूल्य काढू पाहणारा विद्यार्थी दुरुस्ती उलट दिशेने करण्याचा संभव असतो. त्यापेक्षा 'एपीआय लघुतांक' हा शब्द अन्वर्थक होईल. तापमानाचा उल्लेख मात्र कोणत्याही संज्ञेसोबत अनिवार्य होय.