'ही डिड नॉट वेंट' : पदवी वर्गातील इंग्रजी आणि विद्यार्थ्याच्या भाषा

डिचोली तालुक्यातील लाटंबार्से हे महाराष्ट्राच्या सीमेवरचे गाव. पलीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग. या परिसरातील विद्यार्थी घरी कोकणी बोलतो आणि अक्षरओळख बहुधा मराठीतून करून घेतो. १९९० साली गोवा शासनाने प्राथमिक शाळांचे अनुदान भारतीय भाषांच्या माध्यमापुरते ठेवले. २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुले झाले. मराठी प्राथमिक शाळेतल्या मुलाचे माध्यम पाचवीत एकदम इंग्रजी होते. तोच मुलगा पदवी वर्गात येतो तेव्हा इंग्रजी ही त्याची 'द्वितीय भाषा' असल्याचे गृहीत धरलेले असते. वस्तुतः गावात इंग्रजी बोलण्याचा प्रसंग त्याला क्वचितच येतो. व्यवहाराच्या कसोटीवर ही त्याची परकीय भाषाच ठरते, आणि अध्यापनाची पद्धत ठरवताना नेमके हेच विसरले जाते.

'ही डिड नॉट वेंट' ही चूक प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची आहे. तिला निष्काळजीपणा म्हणून लाल शाई लावली जाते. पण मराठीत 'तो गेला नाही' म्हणताना 'गेला' हे भूतकाळी रूप कायम राहते. उर्दूतही 'वो नहीं गया'. विद्यार्थी आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे इंग्रजीला लावतो. गंमत अशी की गोव्याच्या कोकणीत 'तो वचूंक ना' असे म्हणतात. येथे क्रियापद भूतकाळाची खूण टाकून देते, जशी ती इंग्रजीत 'गो' टाकून देतो. म्हणजे जी गोष्ट समजावण्यासाठी शिक्षक तास खर्च करतो, तिचा नमुना लाटंबार्सेच्या मुलाच्या घरच्या बोलीत आधीच आहे. परंतु 'वर्गात फक्त इंग्रजी' हा दंडक पाळला की तो नमुना दाराबाहेर राहतो. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरचा, घरी कोकणी मुसलमानांची बोली आणि शाळेत उर्दू शिकून आलेला विद्यार्थी याच अवस्थेत असतो.

जुन्या पद्धतीचा गौरव करण्याचेही कारण नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी घरांतल्या अनेक पिढ्यांना इंग्रजी वाक्य बांधायला शिकवले हे खरे. पण सुटी वाक्ये भाषांतरित करणाऱ्याला सलग परिच्छेद लिहिता येतोच असे नाही. त्यानंतर आलेल्या 'कम्युनिकेशन स्किल्स'च्या अभ्यासक्रमांनी भाषांतर टाकून दिले आणि त्याच्या जागी मुलाखत, अर्ज, समूहचर्चा यांचे साचे आणले. साचा पाठ होतो. साच्याबाहेरचे एक वाक्य लिहायला सांगितले की तीच चूक पुन्हा उभी राहते, कारण तिच्या मुळापर्यंत कोणी गेलेले नसते.

दोन भाषा शेजारी ठेवणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. दोडामार्गच्याच आजच्या जिल्ह्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ साली 'दर्पण' काढले तेव्हा एका रकान्यात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी मजकूर असे. सर सय्यद अहमद खान यांचे १८६६ साली सुरू झालेले 'अलीगढ इन्स्टिट्यूट गॅझेट'ही उर्दू-इंग्रजी असे द्विभाषिक होते. सर सय्यद यांनी पुढे उच्च शिक्षण देशी भाषांतून देण्याची आपली भूमिका सोडून इंग्रजीचा पुरस्कार केला, याचा दाखला 'फक्त इंग्रजी'च्या समर्थनार्थ दिला जाऊ शकतो. तो येथे गैरलागू आहे. त्यांचे मतांतर शिक्षणाच्या माध्यमाविषयी होते. भाषा शिकताना स्वभाषेची मदत घ्यावी की नाही, हा प्रश्न वेगळा.

अडचण खरी आहे ती मिश्र वर्गाची. एकाच बाकावर पणजीच्या इंग्रजी शाळेतली मुलगी, लाटंबार्सेचा मुलगा आणि घरी कन्नड बोलणारा तिसरा विद्यार्थी असू शकतो. शिक्षकाला यांपैकी एखादीच भाषा येत असते. अशा वेळी 'तो गेला नाही' हे वाक्य प्रत्येकाने आपल्या भाषेत फळ्यावर लिहावे, कोणत्या शब्दावर काळाची खूण आहे तिथे रेघ मारावी आणि मग इंग्रजी वाक्य शेजारी मांडावे. यासाठी शिक्षकाला कन्नड किंवा कोकणी यावीच लागते असे नाही. खूण कुठे आहे हे विचारता आले पाहिजे.