स्वप्नातली ती

पुरुषाच्या स्वप्नातली स्त्री ही त्याची स्वतःची निर्मिती असते, असा माझा बरीच वर्षं समज होता. आता खात्री पटली आहे, की ती वडिलोपार्जित वाड्यासारखी हाती येते. आपण फार तर चुना मारतो!

आमच्या आजोबांचंच घ्या. त्यांची स्वप्नसुंदरी म्हणजे १९१६ सालच्या 'संगीत स्वयंवर' नाटकातली रुक्मिणी. तिचं लाजणं, तिचं चालणं सांगताना म्हातारा डोळे मिटून घेई. या रुक्मिणीचं खरं नाव नारायण श्रीपाद राजहंस. म्हणजे आपले बालगंधर्व हो! घरंदाज बाईनं रंगभूमीची पायरी चढायची तेव्हा सोय नव्हती. तेव्हा बाईनं कसं बोलावं ते खाडिलकरांनी लिहिलं, कसं दिसावं ते गंधर्वांनी दाखवलं आणि 'हीच खरी स्त्री' म्हणून खालच्या पुरुषांनी माना डोलावल्या. गंमत पुढेच आहे. घरोघरच्या बायका गंधर्वांसारखं नेसू लागल्या, सजू लागल्या. आमची आजीही. पण आजोबांच्या ते ध्यानात आलं नाही. ते नाटकाला गेले होते!

वडिलांच्या वेळी ना. सी. फडके आले. आता 'ती' कॉलेजात शिकू लागली आणि चांगल्या सुखवस्तू घरात राहू लागली. वडील कारकून. चाळीत दोन खोल्या, त्यात आम्ही सात जण. कादंबरीतल्या नायिकेला रेशनच्या रांगेत कधी उभं राहावं लागलं नाही, आईला लागलं. वडील झोपल्यावर तीच कादंबरी आई कंदिलापाशी वाचायची, हे मला फार उशिरा कळलं.

माझी पाळी आली तेव्हा दीनानाथ दलाल होते. 'दीपावली'च्या मुखपृष्ठावरच्या त्या मोठ्या डोळ्यांनी आमच्या पिढीचं वाटोळं केलं. मुलगी पाहायला गेलो, तो मुखपृष्ठ शोधायलाच. समोर आली ती चष्मा लावलेली आणि पोह्यांत मीठ विसरलेली. लग्न झालं, संसार झाला, मुखपृष्ठ मात्र मनातून हललं नाही.

परवा हे सगळं संशोधन मोठ्या ऐटीत हिला ऐकवलं. ही तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आणि आमच्या स्वप्नात काय होतं, ते विचारलंत का कधी तुम्ही तिघांनी?"

"काय होतं?" मी मिस्कीलपणे विचारलं. एखाद्या नटाचं नाव ऐकायची तयारी ठेवली होती.

"आगगाडी होती. खिडकीची जागा. बरोबर कुणी नाही, आणि कुठल्या स्टेशनावर उतरायचं ते माझं मी ठरवायचं."

मी हसलो. मग आठवू लागलो. पन्नासाहून अधिक वर्षं आम्ही जोडीनं प्रवास केला. खिडकीशी दर वेळी मी बसलो होतो. बाहेरचं सौंदर्य मला फार आवडतं ना!