क्लाऊड-आधारित उद्योगप्रणालींतून डेटा निष्कर्षण : पद्धतिनिवडीच्या प्रचलित निकषांची चिकित्सा

प्रास्ताविक

उद्योगसंस्थेचे लेखे, खरेदी, वेतन आणि विक्री यांच्या नोंदी संस्थेच्याच इमारतीतील सर्व्हरवर असत, त्या काळी त्या नोंदी विश्लेषणासाठी अन्यत्र काढून घेणे ही मुख्यतः तांत्रिक कौशल्याची बाब होती. डेटाबेस प्रशासकाच्या हाती किल्ली असे. तो रात्री क्वेरी चालवी, हवे ते तक्ते उतरवून घेई आणि सकाळी व्यवस्थापकाच्या टेबलावर अहवाल तयार असे. बिल इन्मन आणि राल्फ किम्बॉल यांनी १९९० च्या दशकात डेटा वेअरहाऊसची जी मांडणी केली, तिच्या मागे हीच परिस्थिती गृहीत होती : मूळ प्रणाली आपल्या आवारात, तिचा डेटाबेस आपल्या ताब्यात आणि तेथवर जाणारी वाटही आपलीच.

सेवारूपाने भाड्याने मिळणाऱ्या क्लाऊड प्रणालींनी ही वाट बंद केली. ओरॅकल कंपनीच्या ई-बिझनेस सूटमध्ये ज्यांनी वर्षानुवर्षे तक्त्यांवर थेट क्वेरी लिहिल्या, त्यांना त्याच कंपनीच्या फ्यूजन क्लाऊड प्रणालीत डेटाबेसपर्यंत थेट जाता येत नाही. पुरवठादाराने ज्या खिडक्या ठेवल्या असतील, त्यांतूनच डेटा घ्यावा लागतो. अशा खिडक्या अनेक असल्याने त्यांतून निवड करण्याचा प्रश्न उद्भवतो. ही निवड कोणत्या निकषांवर केली जाते आणि ते निकष पुरेसे आहेत काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रचलित निकष आणि त्यांची मर्यादा

या विषयावरील तांत्रिक लेखनात व सल्लागारांच्या सादरीकरणांत एक कोष्टक हमखास आढळते. एका बाजूला पद्धतींची नावे, दुसऱ्या बाजूला आकारमान, वारंवारिता, वेग आणि खर्च. डेटा थोडा असेल तर अमुक, प्रचंड असेल तर तमुक. ताबडतोब हवा असेल तर एक, रात्रीतून चालत असेल तर दुसरी. हे निकष चुकीचे आहेत असे म्हणता येणार नाही. तथापि ते सर्व ‘किती’ आणि ‘किती लवकर’ एवढेच विचारतात. जे हाती आले ते मुळाशी जुळते काय, हा प्रश्न त्या कोष्टकात बहुधा नसतो. तो असावयास हवा, किंबहुना प्रथम असावयास हवा.

निष्कर्षणाला मराठीत ‘उपसा’ हा सुटसुटीत शब्द सहज सुचतो. परंतु तो किंचित फसवा आहे. विहिरीतून पाणी उपसले की ते विहिरीत उरत नाही. डेटा मात्र काढून घेतल्यावरही मूळ जागी राहतो आणि तेथे बदलत राहतो. म्हणजे येथे होते ती नक्कल. आपल्याकडे जमिनीच्या उताऱ्याची नक्कल आणि ‘खरी नक्कल’ यांतील भेद शेतकऱ्यालाही ठाऊक असतो. सही-शिक्क्यावाचूनच्या कागदावर कोणी व्यवहार करीत नाही. क्लाऊडमधून काढलेल्या कोट्यवधी ओळींच्या बाबतीत मात्र हा भेद कोणी विचारीत नाही, आणि त्या ओळींवर आधारलेला ताळेबंदाचा तक्ता संचालक मंडळापुढे निःशंकपणे ठेवला जातो.

ओरॅकल फ्यूजनच्या चार वाटा

फ्यूजन प्रणालीत डेटा काढण्याच्या मुख्य वाटा चार. ओटीबीआय हे विश्लेषणाचे साधन, बीआय पब्लिशर हे अहवाल छापण्याचे साधन, रेस्ट एपीआय ही प्रणाली-प्रणालींतील संवादाची वाट आणि बीआय क्लाऊड कनेक्टर, म्हणजे प्रचलित भाषेत ‘बीआयसीसी’, ही घाऊक निष्कर्षणाची वाट. मनुष्यबळ विभागासाठी एचसीएम एक्स्ट्रॅक्ट्स अशी आणखी एक सोय आहे. तिचा विचार येथे केलेला नाही.

यांपैकी ओटीबीआयचा मोह सर्वांत लवकर सुटतो, कारण ते पडद्यावर पाहण्यासाठी आहे हे पहिल्या मोठ्या निर्यातीतच लक्षात येते. बीआय पब्लिशरचे तसे नाही. तेथे एसक्यूएल लिहिता येते आणि त्यामुळे जुन्या प्रशासकाला माहेरी आल्यासारखे वाटते. ही ओळखच घातक ठरते. हे साधन चलने, पावत्या, वेतनचिठ्ठ्या अशा छापील दस्तऐवजांसाठी आहे. मोठा उपसा त्यावर लादला की वेळमर्यादा व आकारमर्यादा आडव्या येतात. त्याहून गंभीर बाब अशी की तक्त्यांवर थेट लिहिलेल्या क्वेरीला प्रणालीतील डेटा-सुरक्षेचे नियम आपोआप लागू होत नाहीत. त्यासाठी सुरक्षित व्ह्यू जाणीवपूर्वक वापरावे लागतात. ज्या कर्मचाऱ्याला पडद्यावर केवळ स्वतःच्या विभागाचे वेतन दिसते, त्याच्या हाती अशा अहवालातून सर्व विभागांचे वेतन पडू शकते. कोष्टकातील ‘सोपी पद्धत’ या शेऱ्यात ही गोष्ट बसत नाही.

रेस्ट एपीआयविषयी आधुनिकतेचे एक वलय आहे. एखादी पावती, एखादा पुरवठादार, एखाद्या आदेशाची स्थिती तत्काळ विचारण्यासाठी ती वाट उत्तम. परंतु फ्यूजनमध्ये एका विनंतीला सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त ५०० नोंदी मिळतात. दहा लाख नोंदी हव्या असतील तर २,००० विनंत्या कराव्या लागतात. वेळेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी दुसरा प्रश्न उरतो. पहिली विनंती आणि दोन हजारावी विनंती यांच्या दरम्यान मूळ प्रणाली थांबलेली नसते. पृष्ठामागून पृष्ठ वाचताना मधल्या काळात एखादी नोंद वाढली किंवा गळाली, तर पुढील सर्व नोंदी एका जागेने सरकतात. एखादी दोनदा येते, एखादी येतच नाही. नोंदींचा क्रम स्थिर किल्लीवर बांधला नसेल तर हा धोका वाढतो. अशी चूक त्रुटीचा संदेश देत नाही. काम ‘यशस्वी’ म्हणून नोंदले जाते.

घाऊक निष्कर्षणासाठी बीआयसीसी हीच योग्य वाट, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. ती पुरवठादाराने ठरविलेल्या व्ह्यू ऑब्जेक्टांतून सीएसव्ही फायली तयार करते आणि पहिल्या पूर्ण उपशानंतर केवळ बदललेल्या नोंदी देऊ शकते. मात्र ती तत्काळ डेटा देण्यासाठी नाही, आणि तिच्यामुळे नक्कल आपोआप खरी होते असेही नाही.

जे नाही, ते कसे कळणार?

‘केवळ बदललेल्या नोंदी’ या शब्दांत बरेच काही दडलेले आहे. बदल ओळखला जातो तो शेवटच्या दुरुस्तीच्या तारीख-वेळेवरून. समजा, खरेदी आदेशात एक ओळ चुकून भरली गेली, त्या रात्री ती निष्कर्षणात वाहून नेली गेली आणि दुसऱ्या दिवशी लिपिकाने ती मूळ प्रणालीतून काढून टाकली. काढून टाकलेल्या ओळीला दुरुस्तीची तारीख कोठून असणार? ती ओळच नाही. निष्कर्षण तिला पाहत नाही, नकलेत ती तशीच राहते आणि खरेदीची बेरीज मुळापेक्षा फुगलेली दिसते. बीआयसीसीत यावर उपाय आहे : सर्व प्राथमिक किल्ल्या स्वतंत्रपणे उतरवून घ्यावयाच्या आणि नकलेतील किल्ल्यांशी ताडून पाहावयाच्या, ज्या मुळात नाहीत त्या नकलेतून काढावयाच्या. हा उपाय उघड आहे, पण तो कोणाला तरी निवडून चालू करावा लागतो व त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. वेग हाच निकष असेल, तर प्रथम वगळले जाते ते हेच.

सेल्सफोर्सच्या बाबतीत अडचण निराळ्या रूपात येते. तेथे नोंदीवर ‘सिस्टम मॉडस्टॅम्प’ ही वेळ असते आणि ती वापरकर्त्याच्या तसेच स्वयंचलित प्रक्रियेच्या दुरुस्तीनेही बदलते. पण फॉर्म्युला फील्डचे मूल्य साठविलेले नसते. वाचताना ते काढले जाते. ग्राहकाच्या मूळ नोंदीत सवलतीचा दर बदलला, तर त्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक सौद्यातील सूत्राचे उत्तर बदलते, परंतु त्या सौद्यांवरील वेळ बदलत नाही. वाढीव निष्कर्षणाच्या दृष्टीने तेथे काहीच घडलेले नसते. पुसलेल्या नोंदी रिसायकल बिनमध्ये १५ दिवस राहतात आणि तोवर विशिष्ट प्रकारे विचारल्यास मिळतात. ‘चेंज डेटा कॅप्चर’ ही घटनाधारित सोय पुसण्याची वार्ताही देते, म्हणून ती निर्णायक उत्तर असल्यासारखी मांडली जाते. मात्र त्या घटना ७२ तासच टिकतात. दिवाळीच्या सुट्टीत ऐकणारा सर्व्हर चार दिवस बंद पडला, तर आरंभीच्या घटना कायमच्या गेल्या; पुन्हा पूर्ण उपसा करण्यावाचून गत्यंतर नाही. ‘रिअल टाइम’ या शब्दाला भुलणाऱ्यांनी हा पुन्हा करावयाचा पूर्ण उपसा आधीच आखलेला असतो काय, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

वेळेची सीमारेषा हाही असाच दुर्लक्षित भाग. व्यवहारावर वेळ उमटते एका क्षणी आणि तो डेटाबेसमध्ये पक्का होतो काही क्षणांनी. निष्कर्षण नेमके मध्ये आले तर ते त्या व्यवहाराला पाहत नाही. पुढच्या वेळी मात्र त्याची वेळ ‘मागील’ ठरते आणि तो कायमचा सुटतो. म्हणून मागील काही अवधी पुन्हा वाचण्याची पद्धत आहे. बीआयसीसीत त्यासाठी ‘प्रून टाइम’ अशी सोय ठेवलेली आहे. पुन्हा वाचल्याने ओळी दुबार येतात, त्या किल्लीवरून एकत्र कराव्या लागतात. गावच्या पतपेढीतील रोखपालसुद्धा दिवसअखेर रोकड जुळविल्याशिवाय कुलूप लावीत नाही. येथे दोन बाजूंच्या नोंदींची संख्या आणि रकमांच्या बेरजा ताडण्याचे साधे काम पुष्कळदा प्रकल्पाच्या आराखड्यातच नसते.

परवानगीचा प्रश्न

एखादी वाट तांत्रिकदृष्ट्या उघडी आहे, म्हणून ती वापरण्याची परवानगी आहे असे होत नाही. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१७ रोजी सॅप विरुद्ध डियाजिओ या प्रकरणात दिलेला निर्णय या दृष्टीने अभ्यासनीय आहे. डियाजिओ या मद्य-उत्पादक कंपनीने सेल्सफोर्सवर उभारलेल्या दोन प्रणाली सॅपशी जोडल्या होत्या. त्यांच्याद्वारे विक्री-प्रतिनिधी व ग्राहक अप्रत्यक्षपणे सॅपमधील डेटापर्यंत पोहोचत होते. असा वापरही परवान्याच्या कक्षेत येतो, असे न्यायालयाने दायित्वाच्या मुद्द्यावर ठरविले. सॅपची मागणी सुमारे ५.४५ कोटी पौंडांची होती. हे प्रकरण घाऊक निष्कर्षणाचे नव्हते हे खरे. पण जोडणीची पद्धत ठरविणाऱ्या अभियंत्याच्या निर्णयाला केवढे आर्थिक परिणाम असू शकतात, हे त्यातून दिसले. सॅपने २०१८ मध्ये दस्तऐवजांच्या संख्येवर आधारित नवी परवाना-पद्धत आणली.

फेब्रुवारी २०२४ मधील घटना तर थेट निष्कर्षणाशी संबंधित आहे. सॅपच्या ‘ऑपरेशनल डेटा प्रोव्हिजनिंग’ या चौकटीतील आरएफसी मोड्यूल वापरून अनेक त्रयस्थ साधने डेटा काढीत होती. सॅपने आपली सूचना क्रमांक ३२५५७४६ सुधारून ग्राहकांच्या अथवा त्रयस्थांच्या साधनांनी ही मोड्यूल वापरणे अनुज्ञेय नाही, असे स्पष्ट केले आणि ओडेटा या वाटेकडे बोट दाखविले. चालणारी, वेगवान, कोष्टकात अग्रक्रमावर असलेली पद्धत एका सूचनेने बाद झाली. पुरवठादाराची बाजूही समजण्यासारखी आहे : ती मोड्यूल अंतर्गत उपयोगासाठी होती आणि त्यांत बदल करण्याचा हक्क त्याला हवा. परंतु ज्या संस्थेने वेगाकडे पाहून निवड केली, तिला हे कारण समजून काय उपयोग?

भारतीय लेखापुस्तकांच्या संदर्भात

वाणिज्य शाखेच्या अध्यापकांना या प्रश्नाची एक बाजू अधिक जवळची वाटेल. कंपनी (लेखे) नियम, २०१४ नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील लेखापुस्तके पूर्ण व अपरिवर्तित राहिली पाहिजेत आणि मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दर्शविणाऱ्या स्वरूपात जतन झाली पाहिजेत. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीने त्यांची प्रत भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक केले. पूर्वी तेथे ‘ठरावीक कालांतराने’ अशा अर्थाचा शब्द होता. १ एप्रिल २०२३ पासून लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दुरुस्तीचा माग ठेवण्याची अटही लागू झाली.

ज्या कंपनीची लेखाप्रणाली परदेशातील क्लाऊडवर आहे आणि जिचा पुरवठादार स्वतः भारतात प्रत ठेवून देत नाही, ती कंपनी ही रोजची प्रत बहुधा वरीलपैकी एखाद्या वाटेनेच घेईल. पुसलेल्या ओळी ज्या नकलेत शिल्लक आहेत, ती ‘अचूक’ म्हणता येईल काय? पावत्यांची जोडपत्रे स्वतंत्रपणे मागवावी लागतात आणि ती मागविलीच नाहीत, तर ती ‘पूर्ण’ कशी? बीआय पब्लिशरचा अहवाल हा कोणीतरी निवडलेल्या स्तंभांचा गोषवारा असतो. तो लेखापुस्तक नव्हे. लेखापरीक्षकाने दुरुस्त्यांचा माग मागितला, तर तो नकलेत सापडेल की केवळ अंतिम आकडे सापडतील? हे प्रश्न माहिती-तंत्रज्ञान विभागाकडे पाठविले जातात, आणि तो विभाग त्यांचे उत्तर आकारमान व वारंवारितेच्या भाषेत देतो. दोन विभागांच्या मधल्या जागेत नियमातील ‘अचूक’ आणि ‘पूर्ण’ हे दोन शब्द हरवतात.

करार संपताना हीच गोष्ट अधिक उघडपणे समोर येते. सेवा चालू असताना आजची त्रुटी उद्याच्या पूर्ण उपशाने भरून काढता येते. सेवा संपल्यावर मूळच उरत नाही आणि नक्कल हीच एकमेव नोंद ठरते. युरोपीय संघाच्या डेटा कायद्याने, म्हणजे २०२३ च्या विनियम २८५४ ने, १२ सप्टेंबर २०२५ पासून याविषयी बंधने लागू केली आहेत : स्थलांतरानंतर ग्राहकाला डेटा परत घेण्यासाठी किमान ३० दिवस मिळाले पाहिजेत, आणि १२ जानेवारी २०२७ पासून स्थलांतराचे शुल्कही आकारता येणार नाही. भारतीय नियम प्रतीचे स्थळ, काळ आणि गुण सांगतात; ती पुरवठादाराकडून कोणत्या वाटेने, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने मिळेल, हे सांगत नाहीत. ते करारातच लिहून घ्यावे लागते, आणि करारावर सही होते त्या दिवशी निष्कर्षणाची पद्धत निवडणारा अभियंता बहुधा त्या खोलीत नसतो.