सुर्वे, नारायण गंगाराम

सुर्वे, नारायण गंगाराम : (१५ ऑक्टोबर १९२६ – १६ ऑगस्ट २०१०). आधुनिक मराठी कवी व अनुवादक. जन्म मुंबई येथे. जन्मदात्यांचा पत्ता नाही, जन्मतारीखही मानलेली. रस्त्याकडेला सापडलेल्या ह्या मुलाला गंगाराम सुर्वे ह्या गिरणी कामगाराने घरी नेले व आपले नाव दिले. गंगाराम आणि त्यांच्या पत्नी काशीबाई ह्या दोघांचाही संसार गिरणीच्या पगारावर चालला होता. मुलगा परळच्या चाळीत वाढला व मराठी चौथीपर्यंत शिकला. गिरणीतून निवृत्त झाल्यावर हे दांपत्य कोकणात परतले आणि नारायण दहा-अकराव्या वर्षीच मुंबईत एकटे राहिले. घरगडी, हॉटेलातील पोऱ्या, हमाल, गिरणी कामगार अशी कामे करीत ते कामगार चळवळीत आणि कम्युनिस्ट पक्षात आले. पुढे महानगरपालिकेच्या शाळेत ते शिपाई झाले, नोकरी सांभाळून परीक्षा दिल्या आणि १९६१ मध्ये शिक्षक झाले. ‘मास्तर’ हे संबोधन त्यांना तेव्हापासून कायमचे चिकटले.

ऐसा गा मी ब्रह्म (१९६२), माझे विद्यापीठ (१९६६), जाहीरनामा (१९७५) आणि नव्या माणसाचे आगमन (१९९५) हे त्यांचे प्रमुख काव्यसंग्रह. सनद (१९८२) मध्ये निवडक कविता आहेत. त्याआधी ‘डोंगरी शेत’ ह्या गीताने त्यांचे नाव चळवळीच्या व्यासपीठावरून गावोगावी पोहोचले होते. गीतकाराकडून कवीकडे झालेला हा प्रवास वरवर पाहता साधा वाटतो; वस्तुतः त्यात त्यांनी गेयता जवळजवळ सोडून दिली आणि तिच्या जागी बोलण्याची लय आणली. मराठी कवितेत महानगर त्यांच्या आधी आले होते. बा. सी. मर्ढेकर ह्यांच्या कवितेतील गर्दी मात्र यंत्राच्या गतीने फिरणारी आणि चेहरा हरवलेली आहे. सुर्व्यांच्या गर्दीतील माणसाला नाव असते, धंदा असतो आणि मुख्य म्हणजे त्याला बोलायचे असते. ‘शीगवाला’ मधील दाऊदचाचा हा खाटीक अर्धे हिंदुस्तानी, अर्धे मराठी बोलतो. ‘मनिऑर्डर’ मधील वेश्या गावी पैसे धाडताना मजकूर सांगते. ‘तुमचंच नाव लिवा’ मध्ये मुलाला शाळेत घालायला आलेली आई बापाच्या नावाच्या रकान्यापाशी अडते आणि मास्तरांनाच त्यांचे नाव लिहायला सांगते. शाळेच्या दप्तराशी रोजचा संबंध असलेल्या आणि स्वतःलाही उसने नाव लाभलेल्या माणसालाच हा प्रसंग इतक्या थोडक्यात आटोपता आला असता.

सुर्व्यांचा विचार रशियन साहित्याच्या संदर्भात अनेकदा केला जातो. १९७३ मध्ये त्यांना सोव्हिएट लँड नेहरू पुरस्कार मिळाला, हे त्याचे बाह्य निमित्त होय. माझे विद्यापीठ हे शीर्षक मॅक्सिम गॉर्कीच्या आत्मचरित्रत्रयीतील तिसऱ्या भागाची (१९२३) आठवण करून देते. गॉर्कीचे शीर्षक अनेकवचनी आहे, सुर्व्यांचे एकवचनी. गॉर्की कझानला विद्यापीठात प्रवेश मिळेल ह्या आशेने गेला आणि तेथील पावाच्या भट्टीत राबला. त्याच्या शीर्षकातील उपरोधाला त्या हुकलेल्या प्रवेशाची धार आहे. सुर्व्यांना असा दरवाजा कधी दिसलाच नव्हता. त्यांच्यासाठी रस्ता ही शाळेची बदली नव्हे, तीच शाळा होती. व्हल्यादीमिर मायकोव्हस्की (१८९३–१९३०) ह्याच्याशी केली जाणारी तुलना अधिक जपून करावयास हवी. सभेत मोठ्याने म्हणावयाची कविता, पत्रकाची भाषा, संपाचा विषय ही साम्ये उघड आहेत. परंतु मायकोव्हस्कीचा ‘मी’ बोलता बोलता अवाढव्य होत जातो, तर सुर्व्यांचा ‘मी’ त्यांच्या उत्तम कवितांत बाजूला सरतो आणि दुसऱ्याला बोलू देतो. मार्क्सवरील त्यांच्या प्रसिद्ध कवितेतही मार्क्स ग्रंथातून येत नाही. तो पहिल्या संपात भेटतो आणि घरच्या माणसासारखा वागतो.

रशियात व्हस्यील्यई झुकोव्हस्कीपासून बरीस पास्तेरनाकपर्यंत कवीने मोठा अनुवादकही असावे, अशी परंपरा आहे. त्या मानाने सुर्व्यांचे अनुवादकार्य आकाराने अल्प आहे आणि म्हणूनच त्यांच्यावरील लेखनात ते दोन ओळींत उरकले जाते. हे योग्य नव्हे. तीन गुंड आणि सात कथा (१९६६) आणि दादर पुलाकडील मुले (१९७५) हे दोन्ही अनुवाद कृष्णचंदर (१९१४–७७) ह्या उर्दू-हिंदी कथाकाराच्या लेखनाचे आहेत. ‘तीन गुंडे’ ह्या कथेला मुंबईतील १९४६ च्या नाविक बंडाची पार्श्वभूमी आहे. दुसऱ्या पुस्तकात परमेश्वर मुलाच्या रूपाने दादरच्या पुलावर उतरतो. उर्दूत लिहिली गेलेली ही मुंबई मराठीत आणणे म्हणजे परक्या मुलखातील मजकूर आणणे नव्हते. चाळीत शेजारी राहणाऱ्याचे म्हणणे घरात सांगण्यासारखे ते होते. कवितेत दाऊदचाचाची बोली तशीच ठेवणारा कवी आणि कृष्णचंदरांचे पुस्तक मराठीत उतरविणारा अनुवादक एकच काम दोन रीतींनी करीत होते. अनेक भाषा बोलणाऱ्या कामगार वस्तीला मराठी वाचकापुढे उभे करणे, हे ते काम. त्यांच्या कवितेची घडण अनुवादकाच्या कानाने झाली आहे, असे म्हणता येते.

हा कान जेथे विसावतो, तेथे कविता घोषणेकडे झुकते. जाहीरनामा मधील काही कवितांत वक्त्याचा आवाज चढतो आणि माणसे मावळतात; ‘नवा माणूस’ ही कल्पना तर दाऊदचाचाइतकी कधीच जिवंत होत नाही. तथापि सोव्हिएट संघ १९९१ मध्ये विसर्जित झाल्यावर चार वर्षांनी नव्या माणसाचे आगमन हे शीर्षक छापण्यातील निष्ठा लक्षात घेतली पाहिजे. तिला हट्टही म्हणता येईल.

परभणी येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे (१९९५) ते अध्यक्ष होते. पद्मश्री (१९९८) आणि मध्य प्रदेश शासनाचा कबीर सन्मान ह्यांनी ते गौरविले गेले. माणूस, कलावंत आणि समाज (१९९२) हे त्यांचे गद्य पुस्तक. अरुण खोपकर ह्यांनी त्यांच्यावर नारायण गंगाराम सुर्वे हा अनुबोधपट काढला.

उत्तरायुष्यात ते रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील नेरळ येथे राहावयास गेले. माथेरानची छोटी गाडी जेथून सुटते, ते हे गाव. तोवर १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विरत चालले होते. शेजारच्या खालापूर तालुक्यातील खोपोलीच्या जलविद्युत् केंद्राने १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली. त्या गिरण्यांचा कवी अखेरीस त्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी स्थिरावला. ठाणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई ह्यांचे मास्तरांची सावली हे आत्मकथन प्रसिद्ध असून, कवीच्या संसाराची दुसरी बाजू त्यात आली आहे. जुलै २०२४ मध्ये नेरळच्या घरातून एका चोराने काही वस्तू नेल्या. घर नारायण सुर्व्यांचे आहे, हे तेथील छायाचित्रावरून कळताच त्याने त्या परत आणून ठेवल्या आणि क्षमा मागणारी चिठ्ठी भिंतीवर चिकटविली.