शिक्षकाचे कागद कोण वाचणार?

शिक्षक गेला की त्याची पुस्तकं आपण ग्रंथालयाला देतो आणि कागद रद्दीत घालतो. आता बघा, पुस्तक दुसरीकडेही मिळतं. टिपणवही मिळत नाही. म्हणजे जे भरून निघणारं आहे ते आपण जपतो आणि जे निघणारं नाही ते किलोवर विकतो. हा हिशेब उलटा आहे, एवढंच आज मांडायचं आहे.

सोस्यूरचं उदाहरण घ्या. सत्-षष्ठीवर प्रबंध लिहिलेला, जिनिव्हात संस्कृत शिकवणारा हा प्राध्यापक. १९०७ ते १९११ या काळात त्यानं सामान्य भाषाविज्ञानावर तीनदा व्याख्यानमाला दिली आणि १९१३ मध्ये तो वारला. व्याख्यानांचे कच्चे खर्डे तो स्वतःच फाडून टाकत असे. मग त्या वर्गांत कधीही न बसलेल्या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा केल्या आणि १९१६ मध्ये एक नीटनेटकं पुस्तक काढलं. विसाव्या शतकानं सोस्यूर वाचला तो हा. पुढे त्या वह्याच अभ्यासकांनी पुस्तकाशेजारी ठेवल्या, तेव्हा कळलं की विषयांचा क्रम बदललेला आहे आणि पुस्तकाचं गाजलेलं शेवटचं वाक्य वह्यांमध्ये नाहीच, ते संपादकांचं! १९९६ मध्ये सोस्यूर घराण्याच्या जिनिव्हातल्या वास्तूत त्याचे स्वतःचे काही कागद सापडले. त्यात ठाम सिद्धांत मांडणारा माणूस कमी आणि अडखळणारा, पुन्हा पुन्हा खोडणारा माणूस जास्त दिसतो. वर्गात शिक्षक असाच विचार करतो. पुस्तक ते अडखळणं पुसून टाकतं.

पण नुसते कागद ठेवून भागतं का? नाही. इथे हुसर्लकडे यावं लागतं. जन्मानं ज्यू असलेला हा तत्त्वज्ञ एप्रिल १९३८ मध्ये फ्रायबुर्गला वारला. मागे राहिली लघुलिपीत लिहिलेली सुमारे ४०,००० पानं, आणि सत्ता नाझींची. व्हान ब्रेडा नावाचा २७ वर्षांचा फ्रान्सिस्कन साधू प्रबंधाच्या कामासाठी तिथे आला आणि त्यानं ते सगळं बेल्जियमच्या वकिलातीमार्फत लूव्हेनला हलवलं. या धाडसाची गोष्ट सगळे सांगतात. मला त्याचा दुसरा निर्णय मोठा वाटतो. ती लघुलिपी वाचू शकणारे हुसर्लचे दोन साहाय्यक, फिंक आणि लांडग्रेबे, यांनाही त्यानं लूव्हेनला आणवलं. पानांबरोबर वाचणारी माणसं आली. म्हणून १९५० पासून त्या कागदांतून एकेक खंड निघत गेला आणि आज तो आकडा चाळीसच्या पुढे आहे. वाचणारा नसता, तर? पेशवे दफ्तरातल्या मोडीची गत आपल्याला ठाऊक आहे. कागद ढिगांनी आहेत, वाचणारे बोटांवर मोजण्याइतके.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या माणसानं खर्डे स्वतः फाडले, त्याचे उरलेले कागद उघडावेत का? खाजगी पत्रांपुरता हा आक्षेप मी मान्य करतो. ती घरच्यांच्या संमतीशिवाय उघडू नयेत. परंतु जपणं वेगळं आणि छापणं वेगळं. छापायचं की नाही हे पुढची पिढी ठरवील. त्यासाठी कागद उरले तर पाहिजेत!

तेव्हा महाविद्यालयांनी तैलचित्र जरूर लावावं, गौरवग्रंथही काढावा. मात्र शिक्षकाच्या टिपणांसोबत विद्यार्थ्यांच्या वह्याही मागवाव्यात, कारण शिकवणं दोन्ही बाजूंनी लिहिलं जातं. आणि ज्याला ते अक्षर लागतं, ते संक्षेप कळतात, अशा एका जुन्या विद्यार्थ्याला वर्ष-दोन वर्षं मानधन देऊन त्या कागदांपाशी बसवावं. हे काम शिक्षक गेल्यावर वीस वर्षांनी करून चालत नाही. तोवर अक्षर ओळखणाराही गेलेला असतो.